सुताला फूट

आबांच्या पिशवीत करणी, थापी, ओळंबा, गुण्या, दोरीचा गुंडा आणि एक लाकडी गज असायचा. कागद कधी नसायचा. अनसिंगात आणि आजूबाजूच्या दहा-पंधरा खेड्यांत त्यांनी घरं बांधली, विहिरी बांधल्या, देवळांचे ओटे बांधले. त्यातल्या एकाचाही नकाशा काढलेला नव्हता. घरधनी जागेवर उभा राहून सांगायचा, "मिस्त्री, दोन खणाचं घर, पुढं ओसरी, अन् दार उगवतीकडं." आबा काडीनं जमिनीवर रेघा ओढायचे. मग मनातल्या मनात लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला आठनं भागायचे. बाकी एक, तीन, पाच किंवा सात उरली की म्हणायचे, "आय चांगला येते." एकचा ध्वज, तीनचा सिंह, पाचचा वृषभ आणि सातचा गज. दोन-चार उरले तर घर एखाद्या तसूनं वाढवायचं किंवा कमी करायचं. मग खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, फक्की टाकायची आणि कुदळ मारायची. घराचा सगळा हिशेब आबांच्या डोक्यात असायचा, आणि भिंत वर येईल तसा तो सगळ्यांना दिसायचा.

ही रीत फार जुनी. आमचं वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं. तिथलंच चोवीस नंबरचं लेणं अर्धवट राहिलं आहे. जाणाऱ्यानं ते मुद्दाम पाहावं. खांब दगडातून अर्धे सुटलेले, काम कुठून सुरू झालं आणि कुठं थांबलं ते उघड दिसतं. भोपाळजवळ भोजपूरला भोज राजाच्या काळातलं, अकराव्या शतकातलं शिवमंदिर आहे, तेही अपुरंच. त्याच्या आसपासच्या खडकांवर मंदिराच्या भागांचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत. म्हणजे आपल्याकडं नकाशा नव्हता असं नाही. पण तो कामाच्या जागीच, दगडावर, पाथरवटाच्या पायाशी असायचा. काढणारा आणि घडवणारा एकाच उन्हात उभे असायचे.

ते दोघं वेगळे झाले इंग्रजांच्या काळात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात आला. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, लॉर्ड डलहौसीनं सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं. त्याच साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, खात्याला हाताखालचे ओव्हरसियर मिळावेत म्हणून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांचा, म्हणजे ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला. रस्ते, पूल, कचेऱ्या, डाकबंगले एका साच्याचे व्हायचे, तर शंभर ठिकाणच्या शंभर गवंड्यांना एकच गोष्ट सांगणारा कागद लागणारच.

तो कागद निळा का, तेही सांगतो. १८४२ साली जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं लोहक्षार लावलेल्या कागदावर उन्हात चित्र उठवायची युक्ती काढली. पारदर्शक कागदावर काळ्या शाईनं नकाशा काढायचा, तो या कागदावर ठेवून उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथं कागद निळा, रेघेखाली पांढरा. एका मूळ नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती. पुढं अमोनियाच्या वाफेवर पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा उठवणारी पद्धत आली, तरी नाव 'ब्ल्यू प्रिंट'च राहिलं.

आमच्या घरात असा कागद पहिल्यांदा आला १९८६च्या उन्हाळ्यात. मी नववीची परीक्षा दिली होती.

तोवर खेड्यातलं बांधकाम बदलायला लागलं होतं. सिमेंट आधी परमिटवर मिळायचं, दहा पोत्यांसाठी चकरा माराव्या लागायच्या. १९८२ साली सरकारनं त्यावरचं नियंत्रण काही प्रमाणात उठवलं, १९८९ साली पूर्ण उठवलं. सिमेंट बाजारात दिसू लागलं तसं धाब्याच्या जागी स्लॅब आणि लाकडी पाटाच्या जागी लिंटेल आलं. माती-दगडात हयात घालवलेल्या मिस्त्र्यांच्या हातात सळई आली. आबांच्याही आली. शेजारच्या एका गावात एका सार्वजनिक इमारतीचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं, त्यानं बांधकाम आबांकडं सोपवलं. सोबत घडी घातलेला एक नकाशा दिला. त्याला गोठ्यात येतो तसा अमोनियाचा भपकारा होता. आबांनी तो उलगडला, पाहिला, घडी घालून पिशवीत ठेवला. ठेकेदाराच्या माणसानं खोल्यांची मापं तोंडी सांगितली, तेवढ्यावर काम चाललं. भिंती आबांच्या हातच्या, म्हणजे ओळंब्यात चोख.

खिडक्यांवर दोन-दोन फूट पुढं आलेले छज्जे होते. आबांनी सळया बांधल्या, सळया खाली बसवल्या, वरून काँक्रीट ओतलं. चौदाव्या दिवशी सेंट्रिंग काढायला घेतलं. पहिल्या छज्जाखालची बल्ली सरकवताच तो भिंतीपाशी चिरला आणि खाली आला. बल्ली काढणारा मजूर आमच्याच आळीतला होता. छज्जाची कड त्याच्या खांद्यावर बसली. जीव वाचला, पण तो हात पुढं कधी कानाच्या वर गेला नाही.

ठेकेदार आला. त्यानं आबांच्याच पिशवीतला नकाशा काढून त्यांच्यापुढं धरला. "मिस्त्री, यात सळई वर दाखवली आहे. तुम्ही पाहिलं नाही?" आबा काही बोलले नाहीत. मजुराच्या दवाखान्याचा खर्च त्यांनी उचलला, त्यासाठी घरची एक गाय विकली. त्या उन्हाळ्यात त्यांना दुसरं काम मिळालं नाही.

एका रात्री मला जाग आली. आबा बल्बखाली तो नकाशा पसरून बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तुले इंग्रजी येते ना? पाह्य बरं, काय लिवलं हाय यात." मी वाचलं, 'सेक्शन ए-ए'. पुढं आकडे होते. मी वाचून दाखवले. आबा म्हणाले, "ते झालं. पन हे हाय काय?" ते मला सांगता येईना. मला त्यातली अक्षरं वाचता येत होती, चित्र कळत नव्हतं. आबांना आख्खं घर कळत होतं आणि अक्षर एक येत नव्हतं. कागद दोघांच्या मध्ये पडून राहिला.

वाशिमला एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांनी उभी नोकरी ट्रेसर म्हणून काढली होती. ट्रेसर म्हणजे साहेबाचा पेन्सिलीचा नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवून घेणारा माणूस. आबांनी कधीकाळी त्यांचं न्हाणीघर बांधून दिलं होतं. एका रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं त्यांच्याकडं गेलो. आबांनी सगळं खरं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "बसा मिस्त्री. तुम्हाला घर येतं, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे."

त्यांनी आधी आमचा नकाशा काढलाच नाही. आपल्या पेटीतला पन्नासच्या दशकातला एक जुना नकाशा काढला. त्यावर प्रमाण लिहिलं होतं, एक अष्टमांश इंचाला एक फूट. त्यांनी आबांना विचारलं, "एक अष्टमांश इंच म्हणजे किती हो?"

"एक सूत," आबा म्हणाले.

"मग? सुताला फूट. तुमचा गज याच्यावर ठेवा अन् मोजा."

आबांनी पट्टी ठेवली. खोली ऐंशी सूत भरली. "दहा इंच... म्हंजे ऐंशी फूट? इतकी मोठी खोली?" मग त्यांच्याच लक्षात आलं, ती खोली नव्हती, आख्खी इमारत होती. आबांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी पूर्वी पाहिला नव्हता.

प्लॅन म्हणजे काय ते सांगायला ट्रेसरकाकांनी हाताची करवत केली. घर जमिनीपासून मीटरभर उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि वरून पाहायचं. भिंत कापली जाते म्हणून तिच्या दोन जाड रेघा, खिडकी कापली जाते म्हणून तिथं बारीक रेघा, आणि दार उघडतं तिकडं पाव वर्तुळ. आबा म्हणाले, "म्हंजे पडक्या वाड्यावर चढून पाह्यल्यासारखं. भिती कमरेवढ्या उरलेल्या." काका खूश झाले. म्हणाले, "तीस वर्षं नकाशे काढले, इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं." जे कापाच्या वर आहे, म्हणजे छज्जा, बीम, माळा, ते तुटक रेघेनं दाखवतात. एलेव्हेशन म्हणजे समोर उभं राहून दिसतं ते. आणि सेक्शन म्हणजे घर उभं चिरून आतून पाहायचं. प्लॅनवर 'ए' आणि 'ए' अशी दोन अक्षरं बाण लावून लिहिलेली असतात. चीर तिथून द्यायची आणि बाणाच्या दिशेनं पाहायचं.

मग त्यांनी आमचा नकाशा उलगडला. छज्जाचा सेक्शन बोटाएवढा होता. वरच्या कडेला एक रेघ, ती भिंतीवरच्या लिंटेलमध्ये जाऊन खाली वळलेली. रेघेच्या पोटाशी टिंबं. "ही टिंबं कशाची?" मी विचारलं. काकांनी अंगणातली कडब्याची पेंढी दाखवली. बाजूनं पाहिली तर धांडे दिसतात, तोंडाकडून पाहिली तर नुसते गोल. रेघ म्हणजे आपल्यापुढं लांब पडलेली सळई. टिंब म्हणजे आपल्याकडं तोंड केलेली सळई.

"अन् वरच काऊन?" आबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना दोन महिने छळत होता. काका उठले, कुंपणातली पऱ्हाटीची एक ओली काडी मोडून आणली. तिचं एक टोक आबांच्या मुठीत दिलं आणि मोकळं टोक खाली दाबलं. साल मुठीपाशी फाटली, वरच्या बाजूनं. मग दुसरी काडी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध दाबली. ती खालून फाटली. "काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. जिथं साल फाटते तिथं सळई. स्लॅब दोन भिंतींवर बसते, तिची सळई खाली. छज्जा एका भिंतीच्या मुठीत असतो, त्याची सळई वर. आणि वर बांधलेली सळई काँक्रीट ओतताना माणसांच्या पायानं दबून खाली जाते, म्हणून तिच्याखाली सळईच्याच खुर्च्या ठेवायच्या."

आबा ती फाटलेली काडी हातात धरून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "हे जर मले कोनी आंधी सांगतलं असतं."

परत येताना एस.टी.त ते एकच वाक्य बोलले. "गोटा दिसते रे. सयाई दिसत नाही."

पुढं मी आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा ट्रेड केला, नंतर अनेक वर्षं नकाशे काढले, पण या विषयावर याहून खरं काही ऐकलं नाही. दगडाच्या भिंतीत चूक झाली तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. काँक्रीटमधली सळई एकदा झाकली गेली की ती कुठं आहे, किती आहे, हे फक्त कागदाला ठाऊक. म्हणून जुन्या मिस्त्र्याचं कागदावाचून अडलं नाही आणि नव्याचं अडतं. कागद वाचता न येणं हा पूर्वी कमीपणा नव्हता. आता तो कुणाच्या तरी खांद्यावर पडतो.

त्या वर्षी आम्ही दर रविवारी वाशिमला जात होतो. आबांना सगळ्यात जड गेले ते मिलिमीटर. देशात मेट्रिक मापं १९५६च्या कायद्यानं आली, साठच्या दशकात सरकारी कामांत रुळली, पण मिस्त्रीच्या तोंडी सूत, इंच आणि ब्रासच राहिले. मी त्यांना एका पुठ्ठ्यावर आकडे काढून दिले. ६ मिलिमीटर म्हणजे अदमासे दोन सूत, १० म्हणजे तीन सूत, १२ म्हणजे चार, १६ म्हणजे पाच. २३०ची भिंत म्हणजे नऊ इंची, ११५ची म्हणजे साडेचार इंची. पुठ्ठा मळून काळा झाला तरी त्यांनी बदलू दिला नाही. अक्षरांपैकी त्यांनी कामापुरती शिकली, दाराचा डी, खिडकीचा डब्ल्यू, झरोक्याचा व्ही, आणि दोन सळयांमधलं अंतर दाखवणारं सी-सी. आणि काकांची एक ताकीद पाठ केली. नकाशावर पट्टी लावून मिळालेलं माप खरं धरायचं नाही, लिहिलेला आकडा खरा. कारण निळा कागद पाण्यात धुतला जायचा आणि वाळताना आकसायचा. सुताला फूट असेल, तर अर्ध्या सुताच्या फरकानं भिंत सहा इंच सरकते.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. मेली ती बहुतेक आपल्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. असली घरं आबांनीही बांधली होती. बातमी ऐकून ते दिवसभर जेवले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी कामासाठी औसा तालुक्यात गेलो. पार कोसळलेली ५२ गावं नव्या जागी वसवली जात होती, आणि जिथं घरं उभी होती तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरण चाललं होतं. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड घालायचे, कोपरे सळईनं जखडायचे, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवायचा. त्यासाठी मिस्त्र्यांचे वर्ग घेतले गेले. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. त्या घरोघरी जाऊन कामाची रीत समजावत. मी पाहिलेली एक बाई शाळेत कधी गेली नव्हती. तिनं माझ्या हातातला सेक्शन घेतला, सुलटा धरला आणि पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हा इथं तुटलाय का? आडव्या भितीवर का न्हेला नाही?" चूक माझ्या काढण्यातली होती. मी त्याच रात्री नकाशा दुरुस्त केला. भिंतीवरचा विश्वास उडालेली माणसं होती ती. कागदावर पाहिल्याशिवाय त्यांना छताखाली झोप येत नव्हती.

तिथून आलो आणि १९९६ साली अनसिंगात आमचं स्वतःचं घर बांधायला काढलं. नकाशा मी काढला. प्लॅन, दोन सेक्शन, सळयांचा तक्ता, सगळं पन्नासाला एक या प्रमाणात. थोडा तोरा होताच. आबांनी तो ओट्यावर पसरला आणि दोन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"लेका, इकडं ये. ह्या जिन्यानं माय वर कशी जाईन?"

त्यांच्या हातात आगकाडी होती. आगकाडी चार सेंटिमीटरची, म्हणजे त्या प्रमाणात दोन मीटर. त्यांनी ती सेक्शनमधल्या पहिल्या पायरीवर उभी केली, मग दुसऱ्या, तिसऱ्या. नवव्या पायरीवर काडीचं डोकं बीमच्या रेघेच्या आत गेलं. "डोक्यावर डालं घेतलेली बाई एवढीच असते. कपाय फुटंन तिचं."

मी मोजलं. बीम चुकीच्या जागी पडला होता. जिना प्लॅनवर नीट बसत होता, सेक्शनमध्ये बसत नव्हता, आणि मी सेक्शन नुसता काढला होता, वाचला नव्हता. मी बीम दोन फूट मागं घेतला. आमच्या आईनं पुढं बारा वर्षं त्या जिन्यानं डोक्यावर मिरच्या-पापडाची डाली नेली.

आबा २००८ साली गेले. त्यांचा पुठ्ठा माझ्याकडं आहे.

आता गावात घरकुलं होतात. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत कमीत कमी पंचवीस चौरस मीटरचं घर बांधावं लागतं, म्हणजे दोनशे एकोणसत्तर चौरस फूट. नकाशा मोबाइलवर येतो, अमोनियाचा वास गेला. मिस्त्री बोटांनी चित्र मोठं करतो, खोलीचं माप पाहतो आणि फोन खिशात टाकतो. सेक्शनपर्यंत बोट जात नाही. मी जाता-येता थांबतो, म्हातारा झालो म्हणून लोक ऐकून घेतात. छज्जाची सळई वर आहे का, खाली खुर्च्या आहेत का, कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवली आहेत का, एवढंच विचारतो. कुणी "काऊन?" म्हणून उलटा प्रश्न केला तर मला बरं वाटतं. मग मी पऱ्हाटीची ओली काडी शोधायला निघतो.